मासा कोणाच्या खात्यात?

पुणे शहर उदार नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा उजनी धरणावर जाऊन यावं. खडकवासल्याचं स्वच्छ पाणी प्यायचं, वापरायचं, त्यात आपल्याकडचं जे जे असेल ते सढळ हाताने मिसळायचं आणि मुळा-मुठेच्या स्वाधीन करायचं. मुळा-मुठा ते भीमेला देते, भीमा उजनीला. पवना आणि इंद्रायणीमार्फत पिंपरी-चिंचवडही आपला वाटा न चुकता पोचवतं. एवढं देऊन पुणेकर कधी पावतीसुद्धा मागत नाही. पण उजनीही मिंधी राहणारी नाही. भिगवणच्या लिलावातून कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी बर्फात निजून पुण्याकडे निघतात, आणि ज्यांना तेवढाही धीर धरवत नाही ते रविवारी गाड्या काढून सोलापूर रस्त्याला लागतात. तिथल्या हॉटेलांत भर दुपारी बसायला जागा मिळत नाही. देणं-घेणं चोख आहे.

या पाण्याची किंमत आपल्याला कळत नाही, ती पुढाऱ्यांना बरोबर कळते. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरसाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेचा आदेश निघाला, तेव्हा तिच्या बाजूने सांगण्यात आलं की हे मुळात उजनीचं पाणीच नव्हे, हे तर पुण्याहून येणारं सांडपाणी! सोलापूर जिल्हा पेटून उठला. आमच्या हक्काचं आहे, थेंबही देणार नाही, म्हणून आंदोलनं झाली आणि महिन्याभरात आदेश मागे घ्यावा लागला. शेजारच्या जिल्ह्याचं सांडपाणी आपल्या हातून निसटू नये म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. ती चुकली असंही म्हणता येत नाही, कारण सोलापूर शहर तेच पितं. दुसरं आहे काय त्यांच्याकडे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशभरातले प्रदूषित नदीपट्टे मोजले. ३११ भरले. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात पहिला नंबर. एरवी क्रमांक एकच्या जाहिराती पानभर झळकतात. हा क्रमांक मात्र विनयाने झाकून ठेवला गेला.

नदीचं दुखणं दिसलं की आपण लगेच जागे होतो. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की फोटो छापून येतात. जलपर्णी वाढली की ती काढायची निविदा निघते. वास सुटला की नाकाला रुमाल लावून पाहणी दौरा होतो. पण शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम या मंडळींना प्रसिद्धीची हौस नाही. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. २०१७ साली तळोज्याला औद्योगिक वसाहतीतले भटके कुत्रे निळे झाले, तेव्हा कुठे तिथला रंगाचा कारखाना बंद करण्याचे आदेश निघाले. कुत्र्यांनी आपलं काम चोख केलं. मासा निळा होत नाही, हा माशाचा मोठाच दोष आहे.

हे धातू येतात कुठून, तर आपल्याच प्रगतीतून. गाड्यांच्या सुट्या भागांना मुलामा देणाऱ्या लहान लहान वर्कशॉपांतून क्रोमियम आणि निकेल येतं. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भंगारवाल्याकडून शिसं येतं. रंगांतून, मूर्तींवरच्या चकचकीत छटांतून, फुटलेल्या ट्यूबलाइटांतून थोडं थोडं येतं आणि पहिल्या पावसात नाल्याला लागतं. मग आपण म्हणतो, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधली की झालं. केंद्रं अवश्य बांधा. पण तिथे काम करतात ते जिवाणू, आणि ते बिचारे मैला खातात, शिसं खात नाहीत. धातू कुजत नाही, जळत नाही, मरत नाही. काही भाग केंद्राच्या गाळात बसतो, उरलेला प्रक्रिया झालेल्या पाण्याबरोबर पुढे निघतो. तो अडवायचा तर मुलाम्याच्या टाकीपाशीच, वर्कशॉपच्या दारात अडवावा लागतो. दारात कोण उभं राहणार? मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावर बाकडी, दिवे नि फिरायला वाट करणं त्यापेक्षा फार सोपं. बाकड्यावर बसलेल्या माणसाला क्रोमियम दिसत नाही.

उजनीत पोचलं की हे सगळं तळाच्या गाळात मुक्कामाला जातं. ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीहून अधिक नुसता मृतसाठा, त्यामुळे उन्हाळ्यात उजनीचा आकडा शून्याखाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा ५० टक्क्यांच्याही खाली उतरला. पाणी हटलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि आपण सेल्फी काढायला जातो. गाळातून आणखी काय वर येतं, हे पाहायला गर्दी होत नाही. तळाशी प्राणवायू संपला की गाळात धरून ठेवलेले काही धातू पुन्हा पाण्यात सुटतात, आणि तिथले जिवाणू पाऱ्याचं रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. तो शेवाळात जातो, शेवाळातून बारीक जिवांत, त्यांच्यातून लहान माशांत, त्यांना गिळणाऱ्या मरळ-वामसारख्यांत, आणि दर पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं. सर्वांत वरच्या पायरीवर ताट वाढून बसलेले आपण.

पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसं सरकारी नोकर पैसा कधी खातो ते कळत नाही, अशी कौटिल्याची तक्रार होती. थोर मुत्सद्दी, पण जीवशास्त्र कच्चं. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, ते त्याच्या कल्ल्यांतून आपोआप अंगात शिरतं. धातूही कल्ल्यांतून आणि खाण्यातून शिरतात. तेव्हा माशाला या प्रकरणात निर्दोष सोडायला हरकत नाही. नोकरांचं तुमचं तुम्ही बघा.

आणि याच कल्ल्यावर आपली सगळी भिस्त! मंडईत गिऱ्हाईक टोपलीपुढे उकिडवं बसतं. कटल्याच्या डोळ्यात डोळा घालून पाहतं. पोटावर बोट दाबून खळगा भरतो का बघतं. मग म्हणतं, "मावशी, कल्ला दाखवा." मावशी अंगठ्याने झाकण वर करते. "बघा की दादा, लालभडक हाय. पहाटंचा माल हाय." दादा खूश. लाल कल्ला म्हणजे ताजा मासा, हे खरंच आहे. पण शिसं-कॅडमियम मांसापेक्षा कल्ला, यकृत आणि मूत्रपिंडातच जास्त साठतं, आणि ते कल्ल्याच्या लालीला बाध आणत नाही. ज्या अवयवाकडून आपण निर्मळपणाचा दाखला घेतो, तोच सगळ्यांत आधी बाटलेला. तेवढ्यापुरता उपाय सोपा आहे: आतलं सगळं आणि कल्ले काढून टाकायचे, डोक्याचा रस्सा करायचा तरी कल्ले काढून. पाऱ्याला मात्र ही मात्रा लागू पडत नाही. मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनालाच चिकटलेला असतो. हळद-मीठ चोळा, आमसुलात मुरवा, रवा लावून कुरकुरीत तळा. चव उत्तम येईल, पारा जागचा हलणार नाही.

मग हे तपासायचं कोणी? या प्रश्नावर सर्व संबंधितांची बैठक अद्याप झालेली नाही. पण झालीच, तर तिचं इतिवृत्त मी आत्ताच देऊ शकतो.

जलसंपदा खात्याने सांगितलं की भिंत आमची, दरवाजे आमचे. पाणी किती ते विचारा, कसं ते विचारू नका. प्रदूषण मंडळाने सांगितलं की पाण्याचे नमुने आम्ही नेमाने घेतो. मासा हा पाण्यात असला तरी पाणी नव्हे. मत्स्यव्यवसाय खात्याने सांगितलं की मासा आमचाच, त्याचं बीज आम्ही सोडतो आणि उत्पादन टनांत मोजतो; पोटात काय आहे ते मोजायचा तराजू आमच्याकडे नाही. अन्न व औषध प्रशासनाने कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं: विक्रीसाठी तयार केल्याशिवाय जिवंत प्राणी अन्नाच्या व्याख्येत येत नाही, सबब मासा मेल्यावर कळवावे. आरोग्य खात्याने विचारलं, रुग्ण कुठे आहेत? केसपेपरवर अशक्तपणा, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असं लिहिलेलं सापडतं. 'शिसं' असं लिहिलेला एकही केसपेपर आमच्याकडे नाही. महापालिकेने सांगितलं की नदी हद्दीत येते तेव्हा वाहती असते, हद्दीबाहेर जाते तेव्हाही वाहतीच असते. मधलं आम्ही पाहिलेलं नाही. चहा-बिस्किटं झाली. शिसं यांस पुढील बैठकीला समक्ष हजर राहण्याची नोटीस काढावी, असं सर्वानुमते ठरलं.

आपल्याला घाबरता येत नाही असं नाही. जुलै २०१८ मध्ये गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली, तेव्हा गोव्यासारख्या राज्याने बाहेरून येणारी मासळी पंधरा दिवस थांबवली. गोंयकाराच्या ताटातलं नुस्तं काढून घेणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला त्या भीतीची खोली कळेल. पण फॉर्मेलिनची सोय अशी, की ते व्यापारी घालतो. त्याला पकडता येतं, त्याचा ट्रक सीमेवर अडवता येतो. शिसं आपण सगळे मिळून घालतो. ट्रक कुणाचा अडवणार?

या विषयावरच्या शोधनिबंधांत एक 'सरासरी माणूस' असतो. मला त्याचा फार हेवा वाटतो. तो साठ-सत्तर किलोचा, प्रौढ, धडधाकट. ठरलेले ग्रॅम मोजूनच मासा खातो आणि ढेकर देऊन उठतो. त्याच्यासाठी धोक्याचा भागाकार, म्हणजे पोटात जाणारा धातू भागिले चालणारी मर्यादा, एकच्या खाली आला की काळजीचं कारण नाही, असा निष्कर्ष निघतो. गंमत अशी की अख्ख्या देशाची सरासरी काढताना तीत जन्मभर मासा न शिवलेला माळकरीही धरलेला असतो आणि धरणकाठी दोन्ही वेळा मासाच शिजणारं घरही. माळकऱ्याने न खाल्लेला मासा भोयाच्या पोराच्या नावावर वजा होतो.

जरा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली, पोटातल्या बाळाचा विचार करून, मिथाइल पाऱ्याची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या बाईला म्हणजे ९६ मायक्रोग्रॅम. आपल्याकडच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मिथाइल पाऱ्याला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅमची मुभा. तेव्हा नियमात काटेकोर बसणारा, कायद्याचा पूर्ण आदर राखणारा मासाही आठवड्याला ३८४ ग्रॅम खाल्ला की तिचा कोटा संपला. १५ किलोच्या पोराचा ९६ ग्रॅममध्ये, म्हणजे दोन तुकड्यांत. उजनीच्या माशात एवढा पारा आहे असा याचा अर्थ नव्हे. हा हिशेब कायद्याचा आहे, माशाचा नव्हे. माशाचा हिशेब मांडायला मासा तपासावा लागतो. शिशाच्या बाबतीत तर कोटाच उरलेला नाही. त्याच समितीने २०१० मध्ये शिशाची जुनी साप्ताहिक मर्यादा मागे घेतली, कारण अमुक इतकं शिसं चालेल असं सांगताच येईना. लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंही भोवतं.

शरीराचा स्वभाव मात्र अस्सल पुणेरी ठेवीदाराचा. आलं की ठेवून द्यायचं. कॅडमियम मूत्रपिंडात जातं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. शिसं कॅल्शियमचा वेष घेऊन हाडांत शिरतं आणि दशकानुदशकं तिथेच राहतं. पुढे बाई गरोदर राहिली, बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम निघू लागलं की त्याच्याबरोबर जुनं शिसंही निघतं आणि थेट वारसाच्या नावावर जमा होतं. फॉर्म नाही, सही नाही.

जपानने हे सगळं करून पाहिलेलं आहे. मिनामाताला माशांतल्या पाऱ्याने होणारा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, त्याआधी मांजरं नाचत नाचत मेली होती. डिसेंबर १९५९ मध्ये चिस्सो कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातलं 'शुद्ध' पाणी पेलाभर पिऊन दाखवलं. पाऱ्याचं सांडपाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं. उद्घाटनाची ही पद्धत आपल्याकडे अजून आलेली नाही, आपण फीत कापून थांबतो, हा आपल्या नेत्यांचा सावधपणा. मिनामाता समुद्राकाठी. पण १९६५ मध्ये निइगाता भागात आगानो नदीकाठच्या लोकांत तोच रोग दिसला, तो नदीचा मासा खाऊन. दोन्हीकडे कारण कारखान्याचा पारा, हे सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं. पहिल्या नोंदीनंतर १२ वर्षांनी.

आता मुळा-मुठा स्वच्छ करायला कर्ज कोणी दिलं? जपाननेच. २०१६ साली जायका या जपानी संस्थेशी करार झाला, सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प, ११ प्रक्रिया केंद्रं. पोळलेल्या माणसाने कळवळून पैसे पुढे केले. आपण ते घेतले आणि भूमिपूजन केलं ते मार्च २०२२ मध्ये. मिनामाताच्या १२ वर्षांशी तुलना करता आपली सहा वर्षं म्हणजे वेगच म्हणायचा.

इथवर वाचून शाकाहारी वाचक मिशीत हसत असतील, तर त्यांच्यासाठीही जपानकडे एक गोष्ट आहे. जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं आणि भात खाणाऱ्या बायकांची हाडं कुठेही मोडू लागली. उजनीच्या पाण्यावर ऊस आहे, भाजीपाला आहे, केळी आहेत. पालक कॅडमियम चांगलं शोषून घेतो. आणि आषाढीला उजनीतून सोडलेलंच पाणी चंद्रभागेत येतं, त्यात वारकरी स्नान करतो, तीर्थ म्हणून तोंडात घेतो.

'मासे खाऊ नका' अशी पाटी लावायला आता कोणीतरी सरसावेल. ती कृपा करून लावू नका. मासा हे गरिबाला परवडणारं उत्तम अन्न आहे, आणि अफवा उठली की भाव पडतो तो भिगवणच्या लिलावात. भोसरीच्या वर्कशॉपांतल्या मुलाम्याचा दर एक पैशाने उतरत नाही. धरणकाठच्या मच्छीमाराने पहाटे तीनला होडी पाण्यात घातली, जाळं ओढलं, एवढाच त्याचा गुन्हा. पाण्याची प्रत बिघडली तशी त्याच्या जाळ्यातली बाकीची मासळी रोडावली आणि उरला तो मुख्यतः चिवट चिलापी. एका नुकसानीत तो आधीच आहे, त्याला दुसऱ्या नुकसानीत लोटायला पुणेकरांनी जाऊ नये.

करता येईल असं एक काम आहे. लिलावात कटल्याचा भाव फळ्यावर लिहितात. त्याच फळ्यावर तीन आकडे आणखी हवेत: या हंगामात तपासलेल्या माशांत शिसं किती, कॅडमियम किती, पारा किती. आकडे मर्यादेत आले तर मच्छीमाराला भाव मिळेल. नाही आले, तर नाल्याच्या उगमाकडे बोट दाखवता येईल. त्यासाठी, वाचकहो, माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. गेल्या वर्षभरात उजनी जलाशयातल्या किती माशांची धातूंसाठी तपासणी झाली आणि निकाल काय आले, एवढंच विचारा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा या लेखासारखा लांबवू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. कोणत्या खात्याला पाठवायचा याची चिंता करू नका, मनाला येईल त्याला पाठवा. विषय आपला नसेल तर ५ दिवसांत योग्य खात्याकडे अर्ज पोचवणं कलम ६(३) प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.